पिंपळाखालचा खड्डा

लोकांना वाटतं, मेंबर म्हणजे मोठा माणूस. अहो, कसला मोठा! म्युनिसिपालिटीचा मेंबर झाल्यापासून मला सकाळी धड चूळसुद्धा भरता आली नाही. तोंडात राखुंडी असतानाच दारात कुणीतरी उभं. गटार तुंबलंय. कंदिलाची काच फुटलीय. शेजाऱ्यानं म्हैस रस्त्यात बांधलीय आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याचं धोतर शेपटीनं रंगवतेय. मी कापडाचा दुकानदार, म्हशीच्या शेपटीचं मी काय करणार? पण असं बोलायची सोय नव्हती. "मग मत कशाला मागितलंत?" हे उत्तर तयार असायचं.

त्यातून ती लढाईची वर्षं. घासलेट मिळेना म्हणून रस्त्यावरचे कंदील एकाआड एक बंद केले, त्याच्या शिव्या मला. कापडावर कंट्रोल आलं, त्याच्याही शिव्या मलाच, एकदा मेंबर म्हणून आणि एकदा दुकानदार म्हणून. आमची मंडळी वैतागून म्हणायची, "गावाच्या पाण्याची काळजी करताय, घरातला रांजण कोरडा पडलाय तो बघा आधी." मी आपला निमूट जेवून पुन्हा बाहेर पडायचो.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझा खरा जीव खाल्ला तो एका खड्ड्यानं.

आमचं गाव प्रवरेच्या काठचं, तालुक्याचं. माझ्या वॉर्डात विणकरांची गल्ली होती, सगळी मुसलमान घरं. गल्ली संपली की मारुतीचा पार आणि पारावर जुना पिंपळ. तिथून रस्ता सरळ नदीवर जातो. मोहरमच्या दहाव्या दिवशी विणकरांचा ताबूत याच रस्त्यानं नदीवर जायचा, आणि पिंपळाची एक जाडजूड फांदी नेमकी या रस्त्यावर आडवी पसरलेली. ताबूत पाच मजली. खांद्यावर उचलला की त्याचा कळस त्या फांदीला भिडायचा आणि दर मोहरमला तिथं भांडण उभं राहायचं.

ताबूत बांधणारे म्हातारे विणकर होते, त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं. त्यांच्या मागावरची लुगडी माझ्या वडिलांपासून आमच्या दुकानात विकली जायची. माझ्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्यांच्या ताबुताला नवस केला होता. मला तान्हं असताना ताबुताखालून नेलं होतं आणि चांगला कळता होईपर्यंत मोहरमात हिरवा सदरा घालून, गळ्यात नाडा बांधून मला फकीर करायचे. त्या हक्कानं चाचा मला अरे-तुरे करायचे. म्युनिसिपालिटीच्या कचेरीत, चार माणसांसमोर, खणखणीत आवाजात, "अरे ए मेंबरा!" अध्यक्ष गालातल्या गालात हसायचे आणि माझे कान तापायचे.

चाचांची एक रीत होती. मोहरमचा चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरातला एक वेळू काढायचे. माणसांच्या खांद्यावर चढलेला ताबूत जेवढा उंच, तेवढा बरोब्बर तो वेळू. तो घेऊन पाराजवळ यायचे आणि फांदीखाली रस्त्यात उभा करायचे. वेळू फांदीला टेकला की आवाज चढायचा.

"फांद खाली आली! मागल्या साली एवडी न्हवती!"

समोर भुसार मालाचं दुकान होतं. त्याचे मालक दादा पाराचा कारभार बघायचे. ते गादीवरूनच ओरडायचे, "फांदी आहे तिथंच आहे! तुमचा ताबूत वाढलाय, चाचा!"

"आमच्या आज्यानं नवसाला बोललेला ताबूत हाय. पटकीत गल्ली वाचली तवा पाच मजले बोलला. त्याला वाडवायचा न्हाई आन् घटवायचाबी न्हाई!"

"आणि पिंपळाला कुऱ्हाड लागायची नाही!"

मग दोघंही माझ्या दारात. एकाला फांदी तोडून हवी, दुसऱ्याला ताबूत कमी करून हवा, आणि दोघांनाही ते आजच हवं. माझ्या पहिल्याच वर्षी हे झालं तेव्हा मी पारावर जाऊन डोकं धरून बसलो. पाय सोडले तर ते जमिनीला लागले. लहानपणी याच पाराच्या पायऱ्या चढताना माझी दमछाक व्हायची. मी वाकून पाहिलं, तर खालची पायरी नाहीशीच झालेली. जमिनीत गेली होती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर पावसाळ्यानंतर चिखल झाला म्हणून लोक बोंब मारायचे आणि दर साल म्युनिसिपालिटी त्या रस्त्यावर मुरूम ओतायची. फांदी होती तिथंच होती. ताबूतही होता तेवढाच होता. आमचा रस्ताच उठून वर आला होता!

मी दोघांना तिथंच बोलावून ते सांगितलं. दादा म्हणाले, "म्हणजे सगळा घोळ तुमचाच की!" चाचा म्हणाले, "मग खांद की तुजा रस्ता, बघतोस काय?" आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध.

तेव्हापासून तो खड्डा माझ्या मानेवर बसला. मोहरम आला की सभेत ठराव मांडायचा, चार जणांच्या हातापाया पडायचं, मुकादमाला घेऊन पिंपळाखाली रस्ता उतरता खोदायचा. ताबूत पार झाला की पुन्हा बुजवायचा. मधले दिवस उसाच्या गाड्या अडायच्या, दादांची पोती लांबून यायची, एखादा दारुडा आत पडायचा, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. गावानं माझं नावच खड्डेमेंबर पाडलं. आणि चाचा? ते रोज येऊन खड्ड्यात वेळू उभा करायचे.

"आजून चार बोटं खोल घे."

"चाचा, तळंच करतो ना! मासे सोडू का?"

"सोड की. तुज्या बापाचं गाव हाय."

पण दहाव्या दिवशी ताबूत त्या उतारावर आला की चाचा पुढं होऊन उलटे चालायचे, दोन्ही हात वर, नजर कळसावर. "सबूर! सबूर! डावीकडं!" ताशा थांबायचा. कळस पानांना घासून सरसर करत निसटायचा आणि सगळा रस्ता एकदम ओरडायचा. दादासुद्धा. बायका ताबूत वाहणाऱ्यांच्या पायांवर घागरीनं पाणी ओतायच्या, आमची मंडळी रेवड्या उधळायची. मी घाम पुसत मनात म्हणायचो, देवा, एक वर्ष तरी असं जाऊ दे की हा म्हातारा माझ्या दारात येणार नाही.

तेही वर्ष आलं. आधी स्वातंत्र्य आलं. चावडीवर झेंडा लागला, चाचांनी आपल्या हातानं साखर वाटली. मग वर्तमानपत्रांतून फाळणीच्या कापाकापीच्या बातम्या येऊ लागल्या. पारावर कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, आणि विणकरांपैकी कुणी रस्त्यानं जायला लागलं की वाचणाऱ्याचा आवाज खाली यायचा. आमच्या गावात काही झालं नाही. एक खडा कुणी मारला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण गल्लीतल्या काही घरांना कुलपं लागली होती. आणि धर्मशाळेत निर्वासितांची कुटुंबं येऊन उतरली होती, होतं नव्हतं ते सगळं मागं टाकून आलेली. त्यांच्या पाण्याची, पांघरुणांची, संडासांची व्यवस्था माझ्याकडे. मी दमून गेलो होतो हो. रात्री आडवा झालो की पाय आपले नव्हेतच असं वाटायचं.

दिवाळी झाली, थंडी पडली, मोहरमचा चंद्र दिसला. दुसऱ्या दिवशी मी निवांत चूळ भरली. त्यात काही वेगळं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी पिंपळाखालून जाताना एकदम आठवलं, यंदा वेळू आलाच नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचे गुडघे धरले असतील. मुकादमाला पाठवलं, खड्डा किती खोल घेऊ विचारून ये म्हणून. तो येऊन म्हणाला, "चाचा म्हनले, जसं जमंल तसं करा." मी कामाच्या धबडग्यात होतो. ते शब्द चाचांचे नव्हेत, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सभेत एक मेंबर म्हणाले, "यंदा कशाला तो खड्डा? वातावरण बघा जरा."

माझं टाळकंच फिरलं. "वातावरण? ताबूत काय वातावरणाला अडतो? तो अडतो फांदीला! आणि फांदीला अडतो तो आपल्या मुरुमामुळं!" टेबलावर मूठ आपटली तशी दौत उडाली. ठराव मंजूर झाला. इतकं भांडून मी कधी काही मिळवलं नव्हतं.

खोदायला सुरुवात झाली आणि दादा दुकानातून उठून आले. मला वाटलं, आता हे पोत्यांचं रडगाणं लावणार. तर ते म्हणाले, "यंदा जरा ऐसपैस घ्या, मेंबर. म्हाताऱ्याला बोलायला जागाच ठेवू नका." आणि आपले दोन हमाल घमेली घेऊन पाठवले. मागल्या सालच्या खुणेपेक्षा हातभर जास्त खोल गेलो आम्ही. मला खरंच आनंद झाला होता. म्हटलं, बघू आता चाचा काय खोट काढतात ते.

दहावा दिवस उजाडला. दुपारी ताशा वाजू लागला. बायका घागरी घेऊन कडेला उभ्या होत्या, आमची मंडळीही रेवड्यांचं ताट घेऊन होती. ताबूत गल्लीच्या तोंडाशी वळला. मी सवयीनं आधी फांदीकडे पाहिलं, मग ताबुताकडे, आणि माझी नजर हवेतच राहिली. जिथं कळस असायचा तिथं नुसतं आकाश होतं.

ताबूत तीन मजली होता.

तो खड्ड्यात उतरला आणि पलीकडे चढला. ताशा थांबला नाही, कारण थांबायचं काही कारणच नव्हतं. कळस आणि फांदी यांच्यामध्ये गवतानं भरलेली गाडी सहज गेली असती. एक पान हललं नाही. चाचा पुढं नव्हते. एका बाजूनं, ताबुताच्या दांडीला हात लावून, खाली बघत चालले होते. "अरे, हे काय?" दादा माझ्याशेजारी पुटपुटले. मागून कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, कटकट मिटली." त्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावी असं मला वाटलं. मंडळींच्या ताटातल्या रेवड्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मुकादम खड्डा बुजवू का म्हणून विचारायला आला. मी तडक चाचांच्या घरी गेलो.

ते मागावर बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले. चाचा, माझ्यासाठी, उभे! लगबगीनं चटई अंथरली.

"या साहेब, बसा."

माझ्यामागं कुणी साहेब आलाय की काय म्हणून मी वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"चाचा, दोन मजले कुठं गेले?"

"यंदा मानसं कमी हायेत, साहेब. खांदं पुरलं नसतं."

"खांदे मी दिले असते. दादांचे हमाल दिले असते. आणि वेळू का नाही आणलात? मी खड्डा खोदून ठेवला होता ना!"

"व्हय, खोदला तुमी. लई उपकार झाले साहेबांचे."

"उपकार?" मी भडकलो. "इतकी वर्षं दारात येऊन मला शिव्या घालत होतात, तेव्हा नव्हते ते उपकार?"

चाचा मागावरच्या सुतावरून हात फिरवत राहिले. आतून कुणीतरी चहा आणून ठेवला. मग हळूच म्हणाले, "तवा मागत न्हवतो, साहेब. तवा भांडत हुतो. यंदाबी वेळू काडला हुता. दारापोतर आनला. मग म्हनलं, आता कुनाच्या जोरावर वरडायचं?"

सभेत मूठ आपटणारा मी, इथं काय सांगणार होतो? गाव तुमचंच आहे, असं? ते मला का सांगावं लागावं? काल-परवापर्यंत हा माणूस तेच मला ठणकावून सांगत होता. ज्यानं माझ्या दारात येऊ नये म्हणून मी देवाला आळवलं होतं, तो आता कुणाच्याच दारात जाणार नव्हता.

"चाचा," मी म्हटलं, "तुमच्या ताबुताखालून गेलेला पोर आहे मी. मला अरे म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यावर ठेवायला उचलावा तसा हात उचलला, मग तोच पुढं करून चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

"बरं, साहेब," ते म्हणाले. "चा घ्या. गार व्हतोय."