कडेला राहिलेला हात

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पेपरच्या घड्या घालणं.

दर आठवड्याचंच काम. छापखान्याच्या मागच्या पडवीत पोतं अंथरायचं. ती घडी घालायची, मी वरून पत्त्याची पट्टी गुंडाळून खळ लावायचो. खळही तीच शिजवायची, मैद्याची, किडे लागू नयेत म्हणून मोरचूद टाकून. त्या मोरचुदानं तिची बोटं कायमची हिरवट पडली होती.

त्या दिवशी घडी घालता घालता ती थांबली. पहिल्या पानावर आमच्या मालकांच्या, भाऊसाहेबांच्या सत्काराचा फोटो होता. मधे भाऊसाहेब, गळ्यात हार, अंगावर शाल. दोन्ही बाजूंना तालुक्यातली बडी मंडळी. आणि अगदी डाव्या कडेला एक हात. नुसता कोपरापासून पुढचा. हातात नारळ.

"घ्या," ती म्हणाली. "नारळ आला फोटोत. मी राह्यली भाईर."

"तुहा हात हाय तो?"

"मंग काय नारळ आपल्या आपून उभा राह्यला?"

हसली. पुन्हा घड्या घालू लागली. तो फोटो मीच छापला होता, पायानं मशीन मारून. पण मशीनवर मी शाई पाहतो, चित्र पाहत नाही.

त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याची बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं.

माझं लिहिणं पुस्तकी वाटलं तर वाटो. शाळा मी फारशी पाहिली नाही. अक्षरं छापखान्यात शिकलो, तीही उलटी.

भाऊसाहेब लोणारात साप्ताहिक काढायचे. इंग्रजाच्या काळात जेलात जाऊन आलेला माणूस. जिल्ह्याचा इतिहास लिहिला, त्यात राजे कमी आणि राबणारे जास्त. पेपरात शेवटच्या पानावर त्यांचं एक सदर असायचं. मोठ्या शहरांतल्या पेपरांनी काय छापलं, काय गाळलं, ते त्यात लिहायचे. ते पेपर टेबलावर पसरून मलाही बोलवायचे. "फोटो मधून पाहू नका," म्हणायचे. "कडेनं पाहा. कोणाचा खांदा कापलाय, कोणाचा हात राहिलाय. खरी बातमी तिथं असते."

मला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला शिकलेला माणूस. त्या एका शब्दावर मी जन्म काढला.

एकदा त्यांनी जिनिंगवाल्या शेठच्या विरोधात लिहिलं. कापसाच्या काट्यात शेठ मारतो, असं सरळ छापलं. शेठची माणसं टाइपाचे खण उधळायला आली. भाऊसाहेब गावाला गेले होते. मी मशीनवर. माझ्या बायकोनं चुलीवरचं खळीचं पातेलं उचललं, उकळतं, आणि छापखान्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"या," म्हणाली. "कोन पयले येतं?"

कोणी आलं नाही. उभे राहिले, शिव्या दिल्या, गेले.

मग महाराष्ट्र राज्य झालं. नव्या राज्यात जुनेच लोक पुढे बसले. तोच शेठ सत्कार समितीचा अध्यक्ष झाला आणि भाऊसाहेबांचा सत्कार ठरला. निर्भीड पत्रकार, थोर इतिहासकार, असं कापडी फलकावर लिहून लावलं. आम्ही दोघं धुतले कपडे घालून गेलो. भाऊसाहेबांचे हात भरलेले होते, म्हणून त्यांनी नारळ हिच्या हातात दिला. "धरा जरा. आणि इथंच उभ्या राहा, फोटो काढायचाय," म्हणाले. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. जन्मात पहिला फोटो.

शेठ आला. तिच्याकडे पाहिलं.

"ए बाई, सरक तिकडं. फोटोत माणसं येऊ दे."

भाऊसाहेब हातभर अंतरावर होते. त्यांनी शाल सारखी केली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

आम्ही सरकलो. नारळ तिच्या हातात होता, म्हणून हात तेवढा राहिला.

घरी येताना ती म्हणाली, "भाऊसायबाले ऐकू नसन गेलं."

"हाव," मी म्हणालो. "गर्दीच लय होती."

ऐकू गेलं होतं. तिलाही माहीत होतं, मलाही.

तेरवीला पाटावर ठेवायला तिचा फोटो नव्हता. नातेवाइकांनी तांब्या ठेवला. तांब्याला हार घातला. तिच्या माहेरची, बीबी गावची माणसं आली, त्या तांब्याच्या पाया पडली. मी त्या तांब्याकडे पाहत बसलो आणि मला तिचं तोंड आठवेना. खरंच आठवेना. नाक आठवलं की डोळे जायचे. मी उठलो आणि तसाच फोटोवाल्याकडे गेलो. म्हटलं, मूळ फोटो दे. त्यात ती असेल, अर्धी तरी असेल.

"काच धुतली मी, बाबा," तो म्हणाला. "त्याच काचेवर पुन्हा फोटो काढावा लागते. आन् मले तं कडेचे लोक घेऊच नका म्हनलं होतं."

"कोन म्हनलं?"

"शेठ म्हनले. भाऊसायेबबी होते."

मी भाऊसाहेबांकडे गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. डोळे पुसले. खोटे नव्हते पुसले, तेवढं मी म्हणेन. "पुढच्या अंकात मी तिच्यावर लिहितो," म्हणाले. त्याच आधारावर मी पुढचे दिवस काढले. तोंड गेलं तर गेलं, नाव तरी कागदावर राहील. माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

अंकाचा दिवस आला. जुळलेल्या टाइपाचा फर्मा मी मशीनवर चढवला. उलटी अक्षरं मला सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतात. खालच्या कोपऱ्यात दोन ओळी होत्या. 'आमच्या छापखान्यातील यंत्रचालकाच्या पत्नीचे नुकतेच निधन झाले. त्या कष्टाळू होत्या.'

मी मशीनवरून पाय काढला. भाऊसाहेबांच्या खोलीत गेलो. ते आपल्या नव्या पुस्तकाची प्रुफं तपासत होते. त्यांच्या साप्ताहिकाचा इतिहास.

"भाऊसायेब, तिचं नाव राह्यलं."

त्यांनी चष्मा वर केला. "जागा कमी होती. आणि वाचकाला नावाचा काय उपयोग? कोण ओळखतं तिला?"

"याच पुस्तकात शेठची मानसं आल्याचं हाय ना? वाचा बरं."

त्यांनी वाचलं. "'हल्लेखोर आले व काही वेळाने परत गेले.'"

"काऊन गेले परत?"

त्यांनी प्रुफं पालथी घातली. मग आवाज चढला. "तू मला इतिहास शिकवतोस? तू तरी कधी तिला नावानं हाक मारलीस?"

तू.

खरं होतं त्यांचं. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. सगळा संसार मी तिला 'अवं' म्हणालो.

"मी नवरा हाव," मी म्हणालो. "इतिहास तुमी लिहिता."

"डोकं ठिकाणावर नाही तुझं. जा, अंक काढ. गठ्ठे न्यायची बस सुटेल."

"तुमीच मारा पाय."

बाहेर आलो. कोपऱ्यात सत्काराच्या अंकाचा उरलेला गठ्ठा पडला होता. तिनंच घड्या घातलेला. तो खांद्यावर घेतला आणि घरी गेलो. चूल पेटवली नाही. गठ्ठा उशाला घेऊन पडलो, पण तिचं तोंड काही आठवलं नाही.

सकाळी मी छापखान्यात गेलो नाही. गठ्ठा घेऊन बसस्टँडवर गेलो. मेहकरच्या बसला गर्दी होती. मी एक अंक उघडला, छातीशी धरून उभा राहिलो. वांग्यांची पाटी घेतलेली एक बाई थांबली.

"काय इकून राह्यले बाबा?"

"इकत नाई. कडेले पाहा."

"हात हाय कोनाचा तरी."

"कोनाचा?"

"मले काय मालूम? मधातले मानसं सांगा म्हनलं तं सांगतो. हा शेठ, हे भाऊसायेब."

"कासाबाईचा," मी म्हणालो.

पहिल्यांदा तोंडून निघालं. पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. कासाबाई. माही बायको. शेठची मानसं छापखाना फोडायला आली तवा उंबऱ्यावर बसली होती ती. बाईनं पाटी खाली ठेवली. बसच्या खिडकीतून दोघातिघांनी माना बाहेर काढल्या. कंडक्टर म्हणाला, "काय झालं बे?" मी त्याच्या हातातही एक अंक दिला.

तेवढ्यात भाऊसाहेब आले. पायात चपला उलट्यासुलट्या. "हे बंद करा," हळू म्हणाले. "तुमची नोकरी आहे, माझी अब्रू आहे. घरी चला, आपण बोलू."

पुन्हा तुम्ही. मला त्याचं आता काही वाटलं नाही.

मी अंक त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, कडेवर बोट ठेवलं आणि लोकांकडे तोंड करून तिचं नाव घेतलं. ते माघारी गेले. मशीनवर माझा पाय पुन्हा पडणार नाही. त्यांच्या पुस्तकात ती येवो न येवो, या तालुक्यात ज्याच्या हातात तो पेपर दिसेल त्याला मी हा हात दाखवीन आणि तो कोणाचा ते सांगेन.

मेहकरची बस सुटली. संग्रामपूरकडून येणाऱ्या गाडीची माणसं उतरायला लागली. मी दुसऱ्या अंकाची घडी उघडली.