धन्यवादच्या मागे

तिला कॉलेजात सगळे ‘पुरवणी’ म्हणायचे. नाव तिच्या स्पर्धेच्या टीमच्या कॅप्टननं पाडलं होतं आणि ते चिकटलं, कारण चपखल होतं. बिझनेस केस स्पर्धेत एखाद्या कंपनीची अडचण विद्यार्थ्यांपुढे टाकतात. त्यांनी ती सोडवून परीक्षकांसमोर मांडायची. शेवटची स्लाइड ‘धन्यवाद’ची. पण मुरलेल्या टीमचा खरा ऐवज त्या धन्यवादच्या मागे दडवलेला असतो. परीक्षक जे जे विचारू शकतील, त्याच्या उत्तराची एकेक स्लाइड. त्या स्लाइड्स ती करायची. बोलायचं काम कॅप्टनचं आणि तिच्या मैत्रिणीचं. ती लॅपटॉपशी बसायची. प्रश्न विचारून होईतो उत्तर पडद्यावर. स्लाइड्सवर नंबर घालायची गरज तिला कधी पडली नाही. सगळा क्रम डोक्यात.

बोलताना ती अडखळायची, लहानपणापासून. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथंच ठाण मांडून बसायचं. आई दवाखान्याच्या खिडकीवर बसून दिवसभर पेशंटची नावं पुकारायची आणि घरी येऊन लेकीची वाक्यं पुरी करायची. “तिला म्हणायचंय की...” हे आईचं पालुपद. दुकानात, शाळेत, पाहुण्यांपुढे. लेकीला नेमकं तेच म्हणायचं असे असं नाही. पण भांडायचं म्हटलं तरी बोलावंच लागतं.

या वर्षीच्या स्पर्धेवर तिनं जीव टाकला होता. स्पर्धा भरवणारी कंपनी गाद्या बनवायची आणि जिंकणाऱ्या टीममधल्या प्रत्येकाला थेट नोकरी देणार होती, मुलाखत न घेता. मुलाखतीत आपलं काय होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. समोरचा आधी हसून धीर देतो, मग घड्याळ बघतो. न बोलता उघडणारं हे एकच दार होतं.

कंपनीनं स्वतःची दुकानं काढावीत की नाही, असा प्रश्न होता. ती सुट्टीच्या दिवशी गाद्यांच्या दुकानांतून हिंडली, प्रश्न लिहिलेला कागद दुकानदारापुढे धरत. एकाला वाटलं ती बहिरी आहे. त्यानं तिच्या कानाशी ओरडून उत्तरं दिली. तिनं ती मुकाट्यानं टिपून घेतली. उत्तरं चांगली होती.

टीम फायनलला पोचली. मैत्रिणीनं तिला कँटीनमध्ये गाठलं.

“अगं, फायनलचा नियम कळला का? प्रत्येकानं बोलायचं. थोडं का होईना.”

“म... मी करीन. त... तयारी...”

“तेच ना!” मैत्रीण कपातला चमचा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती. “कॅप्टननं तुझ्या जागी त्याच्या मावसभावाला घेतलंय. नाव बदलून दिलंसुद्धा. काय आवाज आहे गं त्याचा! तू समजून घेशील म्हणाला कॅप्टन. तू काय, आमचीच आहेस.” मग चमचा खाली ठेवून, “फाइल आजच पाठवशील ना?”

धन्यवादच्या मागचं सगळं उडवून फाइल पाठवता आली असती. तिचं बोट बटणापर्यंत गेलंही. पण स्वतः रचलेलं मोडणं तिच्या हातून होईना. तिनं फाइल जशीच्या तशी पाठवली.

आईला तिनं काही सांगितलं नाही. आईनं रजा टाकली होती, कडक इस्त्रीचे कपडे घालून ती सभागृहात पुढच्याच रांगेत लेकीशेजारी येऊन बसली.

“तू इथं खाली कशी? वर जायचं ना?”

“न... न...”

“नंतर बोलावणार असतील,” आईनं वाक्य पुरं केलं.

कॅप्टन झकास बोलला. मावसभावाचा आवाज खरोखरच भारदस्त होता. मग कंपनीचे मोठे साहेब, म्हणजे मुख्य परीक्षक, पुढे झुकले. “तुम्ही दुकानं काढलीत आणि चिडून जुन्या विक्रेत्यांनी आमचा माल ठेवणंच बंद केलं, तर?”

उत्तर मागे होतं. कॅप्टन धन्यवादच्या पलीकडे गेला आणि हरवला. तक्ते, नकाशे, पुन्हा तक्ते. पडद्यावर नुसती पळापळ. वेळ सरत होता. शेवटी त्यानं थेट पुढच्या रांगेकडे पाहिलं.

“ए पुरवणी, कितवी गं ती?”

ती उठली. “स... स... स...”

आईचेही ओठ हलले. आयुष्यभर लेकीची वाक्यं पुरी करणाऱ्या त्या बाईला या वेळचा शब्द मात्र ठाऊक नव्हता.

“लोड होतंय, सर,” कॅप्टन परीक्षकांकडे वळून म्हणाला. “जुनं मॉडेल आहे.”

हशा पिकला. साहेब तर डोळे पुसायला लागले. तिनं दोन्ही हात वर केले. आधी तीन बोटं, मग सात. कॅप्टननं सदतीस दाबलं आणि उत्तर पडद्यावर आलं, दुकानदारानं तिच्या कानात ओरडलेल्या शब्दांसकट.

ते जिंकले. साहेबांनी भाषणात कॅप्टनच्या प्रसंगावधानाचं मुद्दाम कौतुक केलं. नंतर गर्दीत त्यांनी विचारलं, “ती बोटं दाखवणारी मुलगी तुमच्याच टीमची का?”

“नाही सर. मदतीला असते अधूनमधून.”

मैत्रीण शेजारीच होती. ती बुटाची नाडी बांधायला वाकली.

आईनं हे ऐकलं. ती लेकीला घेऊन बाहेर रस्त्यावर आली. मग म्हणाली, “एवढा एक शब्द नाही का गं आला तुला? तोंडानं सांगितलं असतंस, तर त्या साहेबांनी तुलाच हाक मारली असती. बोटं कसली दाखवतेस मुक्यासारखी!” आणि स्वतःच रडायला लागली. लेकीला तिला गप्प करायचं होतं, पण तेवढं बोलणार कोण?

कॅप्टन कामावर रुजू झाला. काही आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. ऑफिसात पहिलंच प्रेझेंटेशन होतं. ‘पुढचं मी बघतो. मागच्या तेवढ्या करून दे ना. तुझ्याशिवाय कोण आहे?’

तिनं ‘नाही’ लिहिलं. लिहिताना ती कधीच अडखळत नसे.

आई पाठीमागून वाचत होती. “खोड ते. हो म्हण. ओळख राहील, उद्या आत घेईल तुला. तुला म्हणायचंय की...”

तिनं ‘हो’ लिहिलं.

स्लाइड्स तिनं नेहमीसारख्याच मन लावून केल्या. फक्त या वेळी प्रत्येकीच्या कोपऱ्यात ठसठशीत नंबर घातला आणि सुरुवातीला कुठल्या प्रश्नाला कितवी, ते लिहून दिलं. कुणाला तिच्याकडे वळून पाहायची आता गरज उरली नव्हती.