मुलगा खलनायक निघाला

“मॅडम, मुलगा खलनायक निघाला,” प्रणाली म्हणाली आणि तिने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

स्क्रीनवर पांढऱ्या केसांचा, मोठ्या डोळ्यांचा एक देखणा तरुण मंद हसत होता. खाली इंग्रजीत त्याचे गुण लिहिले होते. नम्र, शांत, कधी रागावत नाही, कशाला भीत नाही, मोठ्यांचा शब्द मोडत नाही.

“हा कोण?”

“हा म्हंजे नितीन. क्विझमधी त्याचं हे कॅरेक्टर आलं. मले ही सोयरीक नाही पाह्यजे.”

माझं डोकंच फिरलं. दोन्ही घरची पसंती होऊन साखरपुड्याचा हॉल बघायला सुरुवात झाली होती. इथवर आलेली सोयरीक मोडली की मुलीकडे बोट आधी जातं, आणि मग जुळवणाऱ्या बाईकडे.

मी वाशीमला बौद्ध समाजासाठी वधू-वर सूचक केंद्र चालवते. आधी माझा शिवणक्लास होता. ब्लाऊज शिकायला आलेल्या पोरींची लग्नं तिथेच जुळू लागली, म्हणून मशिनी विकल्या आणि टेबल-खुर्ची घेतली. ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. लग्नं जोडणारी मी आणि सोडवणारे वकील शेजारी शेजारी बसतो. संबंध चांगले आहेत.

आमच्या धंद्यात बायोडाटा वाचता यावा लागतो. ‘निर्व्यसनी’ म्हणजे घरात पीत नाही. ‘स्वभाव मनमिळाऊ’ म्हणजे स्वभावाबद्दल कोणी विचार केलेला नाही. ‘अपेक्षा काही नाही’ म्हणजे यादी तोंडी सांगू. बायोडाटा मुलाचा असतो, पण लिहितात वडील, सुधारतो मामा, आणि त्यावर मोबाइल नंबरही वडिलांचाच असतो. मुलाचा फोटो तेवढा मुलाचा असतो, तोही गोरा करून.

एक गोष्ट मात्र बायोडाट्यात नसते, ती म्हणजे पत्रिका. आमच्या समाजाने ती कधीच सोडली. माझ्या दारावर पाटीच आहे: ‘येथे पत्रिका पाहिली जात नाही.’ त्या पाटीचा मला भारी अभिमान. आणि तिच्याखाली बसून ही शिकलेली नर्स मला जपानी कार्टून दाखवत होती.

“अगं, तू सायन्सची पोरगी. हे भविष्यच झालं की!”

“भविष्य नाही मॅडम. अॅनिमे हाय ते. जपानचं.”

“कार्टूनच ना? लहान पोरांचं?”

“लहान पोरायचं कायचं? त्याच्यात मानसं मरतात, रडतात, माफी मागतात. होस्टेलले होती तवापासून पाहून राह्यली मी.”

तिने मला समजावलं. क्विझमध्ये प्रश्न असतात. राग आला की काय करता, मित्र चुकला तर काय करता, वगैरे. उत्तरांवरून तुमचा स्वभाव कोणत्या पात्राशी जुळतो ते कळतं. साखरपुडा होईपर्यंत मुलामुलीचे नंबर मी एकमेकांना देत नाही, सगळं केंद्राच्या मोबाइलवरून जातं. हा माझा नियम. त्यामुळे तिने पाठवलेली क्विझ मीच बायोडाट्यावरच्या नंबरला पाठवली होती आणि आलेला निकालही न उघडता मीच तिला पाठवला होता. आता वाचून मला वाटलं, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

“गुण तर सगळे चांगलेच आहेत,” मी म्हणाले.

“तेच तं! हे कॅरेक्टर शेवटपर्यंत असंच गोडगोड बोलते, अन् आखरीच्या भागात सारं गाव जाळते.” तिने मोबाइल उलटा ठेवला. “खेळ हाय, मले समजते. पन उत्तरं तं त्याचेच हायेत ना? मी वार्डात रोज मानसं पाह्यतो मॅडम. राग नाही, भीती नाही, हेवा नाही, असा एकबी पेशंट नाही पाह्यला. एकतं हा खोटं बोलून राह्यला, नाहीतं खरंच असा हाय. दोन्हीचं भेव वाटते मले. जिंदगी काढाची हाय त्याच्यासंगं.”

पोरगी चिडली नव्हती, घाबरली होती. मी तिला चहा मागवला आणि नितीनच्या वडिलांना फोन लावला. पोरीला काही शंका आहेत, दोघं येऊन जा, एवढंच म्हणाले. प्रणालीची ड्यूटी पाहून वेळ ठरवली.

नितीन वीज कंपनीत वायरमन. त्याचे वडील गौतमराव म्हणजे शिरपूरचे रिटायर्ड गुरुजी. अख्ख्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे आणि अंधश्रद्धेवरची भाषणंही ऐकलेली आहेत. ठरल्या वेळी दोघे आले. प्रणाली आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावहून आधीच येऊन बसली होती. जयभीम झाला, पाणी झालं. मी विषय काढला, पांढऱ्या केसांचा तरुण दाखवला आणि त्याने जाळलेलं गावही सांगितलं.

गुरुजी ताडकन उठले.

“आमच्या बापानं छप्पन साली पत्रिका-बित्रिका सारं सोडलं, अन् आता जपानहून आली का पत्रिका? लाज वाटाले पाह्यजे! मी हे मानत नाही. बिलकुल मानत नाही!”

नितीन खाली मान घालून बसला होता. गुरुजी माझ्या टेबलापाशी आले, वाकले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, ह्याच्यावर काही उपाय असते काय? दुसरं कॅरेक्टर काढता येते?”

मला हसू आलं, पण धंदा आहे, ते गिळलं. “नितीन,” मी विचारलं, “तू अशी उत्तरं काहून दिली?”

“कोनती उत्तरं?” त्याने मान वर केली. “मले तं हे आत्ताच समजून राह्यलं.”

मग सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

“म्याच भरलं,” गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही संकोच नव्हता. “पोरगा खांबावर होता. बायोडाटा म्या भरला, नोकरीचा फॉर्म म्या भरला, मंग हे काय अवघड हाय? पेपरच होता. सारे उत्तरं बरोबर देल्ले. एकबी चुकलं नाही.”

खरं सांगते, मला गुरुजींचा राग आला नाही. माझा सगळा धंदाच या पद्धतीवर चालतो. पण प्रणालीकडे पाहिलं आणि हा पेपर पुन्हा घ्यायचा, असं मी तिथेच ठरवलं. गुरुजींना बाहेर गॅलरीत खुर्ची दिली. मोबाइल नितीनच्या हातात दिला.

त्याने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक प्रश्नाला अडखळत होता. वायरमनला कोणी त्याच्या मनाबद्दल पहिल्यांदाच विचारत असावं. तो मोठ्याने वाचत होता, हीच चूक झाली. गॅलरीतून आवाज आला, “त्याचं ‘ब’ हाय रे! ‘ब’ लिही!”

“गुरुजी, परीक्षा चालू आहे,” मी ओरडले.

“मी काई बोललो काय?”

मी दार लावून घेतलं. नितीनने ‘क’ दाबलं. पुढे एका प्रश्नावर तो फार वेळ थांबला. ‘तुम्हाला सर्वात जास्त भीती कशाची वाटते?’ अंधार, एकटेपणा, हार, उंची, असे पर्याय होते. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा प्रणालीकडे, आणि ‘उंची’ म्हणत त्यावर बोट ठेवलं.

“उंची?” दार उघडून गुरुजी आत आले होते. कान दाराला लावूनच बसले असणार. “अबे, वायरमन हायेस तू!”

“म्हनूनच तं मालूम हाय, बाबा.”

गुरुजी बसले. मुलाच्या फॉर्ममधल्या सगळ्या रकान्यांची उत्तरं त्यांना पाठ होती, हे एक उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

निकाल आला. एक गुबगुबीत पोरगा, डोळ्यांत पाणी, हातात भाताचा गोळा. प्रणालीने अर्थ सांगितला. हा हिरोचा दोस्त. प्रत्येक लढाईच्या आधी थरथर कापतो, घरी जाऊ म्हणतो, रडतोसुद्धा. पण पळून जात नाही.

“हिरोबी नाही?” गुरुजी पुटपुटले. “त्यापरीस तो पांढऱ्या केसावाला बरा होता.”

प्रणालीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिने नितीनला विचारलं, “मंग चढता कसे?”

“पह्यल्या पायरीवर थोडा थांबतो. जीव जाग्यावर येऊ देतो. लोकायले वाटते, लाइन बंद हाय का नाही ते पाहून राह्यला. मंग चढतो. लाइट गेलेली असते, लोक वाट पाह्यतात.”

प्रणाली हसली. माझ्या ऑफिसात पोरी लाजून हसतात, चिडून हसतात. हे हसणं वेगळं होतं, ओळख पटल्यासारखं.

“मीबी थांबतो,” ती म्हणाली. “लहान लेकराले सुई टोचाच्या आधी. मायबापायले वाटते, शीर शोधून राह्यली.”

मग ती माझ्याकडे वळली. “मॅडम, नंबर देता काय ह्याईचा? ह्याईचा सोताचा?”

साखरपुड्याआधी नंबर द्यायचा नाही हा माझा नियम मी त्या दिवशी मोडला.

लग्न विहारात झालं. गुरुजींनी भाषणात सांगितलं की ही सोयरीक पत्रिकेवर नाही, तर शास्त्रीय प्रश्नावलीवर जुळली आहे, आणि समाजाने हा आदर्श घ्यावा. झालं! आमच्याकडे आदर्श घ्यायला वेळ लागत नाही. आता दर दुसऱ्या बायोडाट्यासोबत कॅरेक्टर येतं, लॅमिनेशन करून. आणि ते कायम तेच असतं. पांढरे केस, मंद हसू, राग नाही, भीती नाही. सध्या माझ्या कपाटात गाव जाळणाऱ्यांची थप्पी लागली आहे.

परवा एका मुलीची आई तसलाच कागद हातात धरून घाबरीघुबरी होऊन आली. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि तेच विचारलं, जे मी हल्ली सगळ्यात आधी विचारते.

“मुलाचे वडील शिक्षक आहेत का?”