मोरांच्या तोंडच्या कुरडया

टेम्पो निघाला तेव्हा दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्याजणी तिथे उभ्या होतात, त्यामुळे खोटं सांगायची सोय नाही. पण मी रडले नाही. रडल्या त्या वरच्या मजल्यावरच्या शैलावहिनी, आणि त्याही "अगं, गुडगावला चाललीस, अमेरिकेला नाही" असं मला समजावता समजावता. टेम्पोत लोखंडी कपाट, दोन खाटा, गॅस, भांड्यांची पोती आणि माझ्या मांडीवर तुळशीची कुंडी. बाकी अर्धा संसार मागेच ठेवला होता, कारण आमच्या ह्यांनी सरकारी क्वार्टर अजून सोडलं नव्हतं.

"उन्हाळाभर राहून बघू," ते म्हणाले होते. "जूनअखेर ऑफिसला कळवायचंय, क्वार्टर ठेवायचं की परत करायचं. एकदा परत केलं की पुन्हा मिळायचं नाही, एवढं ध्यानात ठेव."

बोलले अगदी सौम्यपणे, पण घर माझ्या हट्टानं बांधलं होतं आणि परीक्षाही माझीच होती. टिकले तर गुडगाव. नाही टिकले, तर नवं घर भाड्यानं देऊन मुकाट्यानं परत, त्याच ब्लॉकमध्ये, त्याच जिन्यानं वर.

कराडच्या माझ्या भावंडांना माझा हट्ट ठाऊक आहे, त्यामागचं कारण मी कधी सांगितलं नाही. बाबा शाळामास्तर, त्यामुळे आम्ही सगळे भाड्याच्या खोल्यांत वाढलो. घरमालकिणीला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकायचा नाही, अंगणात तिचीच झाडं आणि फुलंही तिच्याच देवाला. लग्न होऊन दिल्लीला आले तर सरकारी क्वार्टर. दारावर आमच्या नावापेक्षा क्वार्टरचा नंबर मोठा. मोगरा लावताना मनात यायचं, बदली झाली की हा कुणाचा? मला जमीन हवी होती. चार पावलांची का असेना, पण मी ती खणली तर का खणलीस म्हणून कुणी विचारणार नाही अशी.

तेव्हा दिल्लीत सगळ्यांनाच काहीतरी नवं हवं होतं. कुणाकडे केबल आली, कुणी पांढरी मारुती घेतली, ऑफिसातले लोक डब्याच्या वेळी गुळगुळीत रंगीत ब्रोशरं चाळायला लागले. आमच्या सेक्टरच्या ब्रोशरात हिरवळ होती, कारंजं होतं, झोपाळ्यावर हसणारी बाई होती. प्रत्यक्षात सेक्टर नकाशावर होता, रस्त्यावर नव्हता. पाणी टँकरनं यायचं, वीज मर्जीनं यायची. समोर संतोष भाभींचं एक घर, आणि आमच्या मागच्या तारेच्या कुंपणापलीकडे रिकामे प्लॉट, विलायती बाभळी आणि पार लांब एका उंच इमारतीची क्रेन. हे सकाळी चार्टर्ड बसनं ऑफिसला गेले की मी, सातवीतली आमची सई आणि ते सगळं रान.

बाजारातल्या एसटीडी बूथवरून आईला फोन केला, मागच्या अंगणात काय काय येतं ते हौसेनं सांगितलं. ती म्हणाली, "घर घेतलंस की रान घेतलंस गं?"

तिचं चूक नव्हतं. उरलेल्या विटांच्या ढिगात मुंगसाच्या जोडप्यानं बिऱ्हाड थाटलं होतं. आमच्याआधी गृहप्रवेश त्यांनीच केला असावा, कारण मी विटा हलवायला गेले की ती दोघं मागच्या पायांवर उभी राहून माझ्याकडे अशी बघत की मीच भाडं थकवलंय. एकदा बाथरूममधून सई किंचाळत आली, "मम्मा, अंदर क्रोकोडाइल है!" बादलीमागे घोरपड बसली होती. दिल्लीत वाढलेल्या माझ्या लेकीला घोरपड हा शब्दच ठाऊक नव्हता! आपल्याकडच्या पोरींना घोरपड म्हटलं की दोर बांधून कडा चढणारी आठवते. मी तिला ती गोष्ट सांगितली, दार उघडं ठेवलं आणि घोरपड सावकाश निघून गेली. सईनं शाळेत कडा, दोर आणि आमचं बाथरूम असं एकत्र करून सांगितलं. महिनाभर तिच्या मैत्रिणी ते बाथरूम बघायला येत होत्या.

माझी स्वतःची फजिती याहून मोठी. क्वार्टरमध्ये असताना मी रोज पहिली पोळी गोग्रास म्हणून फाटकाशी ठेवायची आणि एक तांबडी गाय ती येऊन खायची. इथेही सवयीनं कुंपणाजवळ दगडावर पोळी ठेवायला लागले. पोळी रोज नाहीशी व्हायची. बाभळीआड एकदा भली मोठी करडी पाठ दिसली आणि मला कोण आनंद झाला. बूथवरून शैलावहिनींना कळवलंसुद्धा, की नव्या घरी गाय आपणहून आली, शकुन चांगला आहे. मग एका शुक्रवारी हळदकुंकवाचं ताम्हन घेऊन मी कुंपणापाशी गेले. गाईनं मान वर केली. ती माझ्या डोक्याच्याही वर गेली. गळ्याखाली दाढीचा झुपका, कपाळावर दोन आखूड शिंगं.

"बहनजी," समोरून संतोष भाभी ओरडल्या, "नीलगाय को तिलक लगाओगी क्या? वो भी नर है!"

ताम्हन तिथेच टाकून मी घरात पळाले. संतोष भाभी हसून हसून ओट्यावर बसल्या आणि त्या दिवसापासून आमची घट्ट मैत्री झाली. पण तोवर पोळीची चव लागलेल्या त्या महाशयांनी सगळं कुटुंब आणायला सुरुवात केली होती. तारेवरून सहज पाय टाकून यायचे. माझी भेंडी खाल्ली, गवार खाल्ली, अळूची मोठी पानं तेवढी खाजरी म्हणून सोडली. आवतण मीच दिलेलं, तक्रार कुणाकडे करणार?

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. वाळवणाचं मात्र नाही नेऊ शकले.

तुम्हां लक्ष्मीबाई नगरवाल्यांना ठाऊक आहे, दर उन्हाळ्यात आपण गच्चीवर एकत्र कुरडया घालायचो. गच्चीच्या किल्लीसाठी चौकीदाराच्या मागे फिरायचं, मग कुणाचं प्लास्टिक कुठल्या कोपऱ्यात यावरून गोड बोलून भांडायचं. आता मला माझं अंगण होतं. मी गहू भिजवले, वाटले, चीक काढला, हिंग-मीठ घालून शिजवला आणि हात भरून येईस्तोवर सोऱ्यातून एकटीनं कुरडया पाडल्या. प्लास्टिकचा कागद भरला. कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून रोवली, आई रोवायची तशी. आणि पाच मिनिटं चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर पंगत बसली होती! लांडोरी ओळीनं, मध्ये मध्ये मोर, आणि एक तर उन्हाचा त्रास नको म्हणून माझ्याच छत्रीखाली उभा राहून जेवत होता. मी पदर खोचून धावले तशी ती मंडळी पिसारे सावरत उडाली आणि तो गलका ऐकून पोळीच्या आशेनं आलेला नीलगायींचा कळप उरलेल्या कुरडयांवरून गेला. ओल्या चिकात खुरांचे ठसे तेवढे राहिले.

त्या दिवशी मात्र मी रडले. कागद धुतानाही रडत होते. संध्याकाळी ह्यांनी सगळं ऐकलं, मला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "राहू दे गं. क्वार्टर आहे ना अजून."

प्रेमानं म्हणाले हो. पण ते वाक्य मला असं लागलं की मी जेवले नाही. कुरडयांचं काय, बाजारात मिळतात. पण माझ्या स्वतःच्या जमिनीवर मला एक वाळवण घालता येत नसेल, तर मी तिथे राहतेय ते कुणाच्या परवानगीनं? घरमालकीण गेली, सरकार गेलं, आणि आता मोरांना विचारून जगायचं? मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

वीज नसली की आम्ही अंगणातच खाटा टाकून, मच्छरदाण्या लावून झोपायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सई मच्छरदाणीत मांडी घालून टोस्ट खात होती आणि बाहेर एक लांडोर खाटेभोवती फेऱ्या घालत होती. चोच मारायची, जाळी आत जायची, परत बाहेर यायची. टोस्ट वीतभर अंतरावर, पण तिला काही मिळेना. शेवटी वैतागून ती माझ्याकडे बघायला लागली. मी हातातला झाडू तसाच टाकला आणि चपला घालून बूथवर गेले.

"सगळ्याजणी या," मी शैलावहिनींना सांगितलं. "यंदा कुरडया माझ्याकडे. सोऱ्या आणा, आणि घरातल्या असतील तेवढ्या मच्छरदाण्या आणा."

"मच्छरदाण्या? मुक्कामाला बोलावतेस की काय?"

"आम्हाला नाही, कुरडयांना."

नीलगायींचा बंदोबस्त त्याच गोग्रासानं केला. पोळीचा दगड मी रोज थोडा पुढे सरकवत नेला, आधी बाभळीपाशी, मग त्यापलीकडच्या प्लॉटवर, मग थेट क्रेनच्या दिशेनं. सई म्हणायची, "मम्मा, तू उनको लंच पे बाहर ले जा रही है." तसंच होतं ते. कळप पोळीमागे गेला आणि तिकडचाच झाला.

शनिवारी मॅटाडोर भरून तुम्ही आलात. उतरल्या उतरल्या शैलावहिनींनी चारी बाजूंना बघितलं आणि हळूच मला म्हणाल्या, "अगं, इथे माणसं कुठायत?" मी त्यांच्या काखेतली मच्छरदाणी घेतली. संतोष भाभींनी आपल्या सगळ्या चारपाया बाहेर काढल्या होत्या. "शादी है क्या, बहनजी?" विचारत विचारत त्या स्वतःच बांबू बांधायला लागल्या. चिकाच्या वाफेनं सगळ्यांचे चेहरे लाल झाले. गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल सोडून भाभींना दिला, तर त्यांनी आधी वास घेतला, मग दुसरी वाटी मागितली. दुपार व्हायच्या आत अंगणभर खाटा, खाटांवर धुतलेली जुनी लुगडी, लुगड्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया आणि वरून सगळीकडे मच्छरदाण्या. गुलाबी, निळ्या, एक तर कुणाच्या तरी बाळंतपणातली झालरीची.

मग मोर आले.

पाण्याच्या टाकीवर बसून आधी त्यांनी नुसतं पाहिलं. खाली उतरले. एका खाटेला फेरी, दुसऱ्या खाटेला फेरी. जाळीला चोच, पुन्हा चोच. एका मोरानं तर चक्क पिसारा फुलवला आणि कुरडयांसमोर नाचून दाखवलं, निदान तेवढ्यानं तरी द्या म्हणून. आम्ही ओट्यावर हातात हात घालून बसलो होतो आणि हसून हसून आमची पोटं दुखत होती. "नाच रे, नाच," शैलावहिनी म्हणाल्या, "मिळणार नाही!" कुणीतरी शिटी वाजवली. कुणी ते अजून कबूल करत नाही.

दिल्लीच्या लूला, उन्हाळ्यातल्या त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्याला, मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, पण त्या दिवशी तिनं माझी बाजू घेतली. कराडला ज्या कुरडया दोन-तीन दिवस वाळतात, त्या संध्याकाळपर्यंत कडकडीत झाल्या. शनिवारचं जादा काम आटपून हे ऑफिसातून आले तेव्हा अंगणात डबे भरणं चालू होतं आणि पहिला घाणा कढईत फुलला होता. फाटकातच उभे राहून ते बघत राहिले. शैलावहिनी त्यांना विचारत होत्या, "भाऊजी, हा बाजूचा प्लॉट कुणाचा आहे हो? विकायचाय का?"

मी ताटलीत कुरडई घेऊन गेले. "सोमवारी क्वार्टर परत करून टाका," म्हटलं.

"जूनअखेरपर्यंत वेळ आहे अजून."

"मला नको वेळ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कुरडईचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मान हलवली. माझं इतकं सरळ कुणी कधी ऐकलं नव्हतं. सोमवारी किल्ल्या गेल्या. उरलेला अर्धा संसार आणायला मी टेम्पोत पुढे बसले आणि परत येताना सगळ्या रस्त्यानं गात होते.

आता त्या बाभळी नाहीत. क्रेन होती तिकडे बुरूजांसारख्या सोसायट्या उभ्या आहेत, नीलगायी पार रस्त्यांपलीकडे हटल्या आणि मुंगसांच्या विटांच्या जागी आमची गाडी असते. वाईट वाटतं. त्यांना हटवणाऱ्यांत पहिली पोळी माझीच होती, हेही कळतं. मोर मात्र अजून येतात, एखाद-दुसरा, आणि मी आता मुद्दाम एक खाट उघडी ठेवते. माझ्या अंगणात कुणाला जेवू घालायचं हे मी ठरवते, एवढंच मला हवं होतं.

पण तुम्हां सगळ्यांना सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या एका फोनचं. त्या शनिवारची मंडळी गेल्यावर मी अंधारायच्या आत बूथ गाठला आणि आईला सगळं सांगितलं. ती हसली, मग नेहमीसारखं विचारलं, "आणि घरी कधी येतेस?" लग्न झाल्यापासून प्रत्येक फोनला ती हे विचारायची आणि मी कधी दिवाळी म्हणायची, कधी मे महिना. त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "आई, मी घरीच आहे. तू कधी येतेस?"

मीटरचे आकडे पुढे पळत राहिले. बूथवाला मीटरकडे बोट दाखवायला लागला. मला वाटलं, आई दुखावली.

मग आईनं विचारलं, "येताना माझा सोऱ्या आणू, की तुझ्याकडे आहे?"