चिऱ्यांवरची हिरवी साय

सांगलीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र घेतलं, त्याचा अर्थ आमच्या गावात, पाचगणीच्या पायथ्याला, कुणालाच लागला नाही. लिव्हरवर्ट म्हणजे कलेजीच्या आकाराच्या, चपट्या, बिनमुळांच्या वनस्पती, असं एकदा आईला समजावलं. तिनं आळीभर सांगितलं, पोरगा कलेजीचा डॉक्टर होणार. मी ते खोडून काढलं नाही. बरं वाटत होतं.

बांधावरच्या ओल्या मातीतले साधे लिव्हरवर्ट वर्गात सगळ्यांकडे होते. माझा आमच्या विहिरीतला होता. पावसाळ्यात पायऱ्या उतरून आत गेलं, की ऊन न पोचणाऱ्या चिऱ्यांवर तो सायीसारखा धरलेला दिसे. वर पेशींचा एक थर, खाली एक, मधे पोकळी. उन्हात आणला की वाळून कागद. पण सावलीत, उजेडाकडे पाठ करून पाहिला, तर सोनेरी हिरवा चमकायचा. स्वतःचा उजेड नाही हो. आलेल्यातलाच थोडा परत द्यायचा.

काडेपेटीतून नेलेला नमुना सांगलीला पोचेतो काळा पडला. प्रोफेसर म्हणाले, जागेवर दाखवा. प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघते आहे, तुमचा विचार करू. मी मनातल्या मनात रुजूसुद्धा झालो, कोटाचं कापडही ठरवलं.

घरी पत्र टाकलं, की भाद्रपदात साहेब आपली विहीर बघायला येत आहेत. का, ते लिहिलं नाही. आबांना काय कळणार? आबा म्हणजे माझे वडील, पलटणीतले पेन्शनर हवालदार. साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर काय करायचं असतं, हे मात्र त्यांना पक्कं कळत होतं.

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं; कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून धक्के खात प्रोफेसर आणि मी पोचलो. विहीर लांबूनच पांढरी दिसली. आत चिरा न् चिरा खरवडून चुना दिलेला, पायऱ्यांच्या कडांना गेरू. वरच्या पायरीवर आबा, जुन्या खाकी कोटात, हात कोपरापर्यंत चुन्यानं फुटलेले. त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला.

प्रोफेसर आत डोकावले. मग हळूच विचारलं, "हे कुणी केलं?"

"गड्यांनी, सर," मी म्हणालो. "अडाणी माणसं. घरात कुणाला विचारलंसुद्धा नाही."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. काय बिघडलं ते त्यांना ठाऊक नव्हतं; बिघडलंय एवढं कळलं.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "गड्यांनीच क्येलं. मी न्हवतो हितं."

आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून, पलटणीत उभे राहतात तसे विश्राममध्ये उभे राहिले.

प्रोफेसर बॅटरी घेऊन तासभर शोधत होते. काही उरलं नव्हतं. जेवताना त्यांनी आबांकडं दोनदा भाकरी मागून घेतली. परतताना मोटारीत मात्र माझ्याशी एकच वाक्य बोलले, "वडिलांच्या हातांना खोबरेल लावायला सांगा."

जागा दुसऱ्याला मिळाली. आबांनी साहेबासाठी विहीर रंगवली नि माझी नोकरी बुडवली, ही गोष्ट मी पुढं कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांत रंगवून सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे. आबा तिथं असले, तर उठून गोठ्याकडं जायचे.