मधून जाणारा बॉल

सिस्टरांच्या दोन तर्जन्या आणि एक अंगठा सोडला, तर बाकीची बोटं कीबोर्डला कधी लागल्याचं मला आठवत नाही. डावी तर्जनी झेडवर, उजवी तिरप्या रेघेच्या बटणावर आणि अंगठा स्पेसबारवर. एवढ्या भांडवलावर शहापूरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधला पिनबॉलचा सगळ्यात मोठा स्कोअर त्यांच्या नावावर होता. अडचण एकच होती. त्या आमच्याकडे पिनबॉल खेळायला आल्या नव्हत्या.

त्या किन्हवलीच्या पुढच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. आसपासच्या गावांतली आणि पाड्यांवरची निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. पण दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत सरकारी माणसाने कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायलाच हवं, असा नियम आला आणि सिस्टरांचं प्रमोशन त्या सर्टिफिकेटपाशी अडलं. त्यांना पगाराचं एवढं नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "माज्या हाताखाली सुई धरायला शिकली ती," त्या सांगायच्या, "आन आता सुपरवायजर होऊन माजंच रजिस्टर तपासते. वर म्हनते, सिस्टर, अक्षर सुधारा." निवृत्त होण्याआधी एकदा तरी टेबलाच्या त्या बाजूला बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांना शिकवायचं काम क्लासच्या सरांनी मदतनिसावर, म्हणजे माझ्यावर, टाकलं. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीला कॉम्प्युटर येणारच, असा तेव्हा समज होता. मला बोलणं येत नाही, ही शक्यता सरांच्या लक्षात आली नव्हती. मी आठवडाभर सिस्टरांच्या मागे उभी राहून स्क्रीनकडे बोट दाखवत होते. शेवटी त्या खुर्ची वळवून म्हणाल्या, "काय गो, इंग्लिश मिडियम, तुज्या तोंडाला लस टोचलीय का?" त्या दिवसापासून क्लासमध्ये माझं नाव इंग्लिश मिडियम पडलं. सरसुद्धा कधीकधी चुकून तशीच हाक मारायचे.

नव्या माणसाचा हात बसावा म्हणून आम्ही आधी कॉम्प्युटरमधला पत्त्यांचा खेळ द्यायचो. सिस्टरांनी पत्ते बघताच माउस खाली ठेवला. "पत्त्यांनी बुडालेली घरं मी रोज बघते. सरकार पन आता पत्ते शिकवनार?" मग मी घाबरून खेळांच्या त्याच यादीतला पिनबॉल उघडून दिला. उतरतं टेबल, खालून स्प्रिंगने वर उडवायचा लोखंडी बॉल, आणि तो घरंगळत परत आला की टोलवायला तळाशी दोन लहान फळ्या. त्या फळ्यांना सिस्टर 'हात' म्हणायच्या. बॉल दोन हातांच्या मधून खाली गेला की संपला. हे नीतीला धरून आहे, असं त्यांना वाटलं असावं.

शेजारच्या मशीनवर एक ग्रामसेवक बसायचे. बॉल दिसला रे दिसला की ते दोन्ही बटणं तबल्यासारखी बडवायचे. "ओ भाऊ, कोंबडीवानी फडफडता काय?" सिस्टर स्वतःच्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायच्या. त्यांची पद्धत उलटी होती. येणाऱ्या बॉलसाठी एकच हात वर करून ठेवायचा, बॉल त्याच्या खोबणीत विसावू द्यायचा आणि थांबायचं. मग हात खाली सोडायचा आणि बॉल सावकाश टोकापर्यंत घरंगळला की एकच टोला, टेबलावरच्या हव्या त्या दिव्यावर. "डोकं दिसल्याबिगर जोर लावायचा नाय," त्या म्हणायच्या. ग्रामसेवकांना यातलं डोकं कोणाचं, हे कधीच कळलं नाही.

टेबलाला हलकासा धक्का द्यायचंही एक बटण होतं. बॉल वाईट वाटेला लागला की तो त्याने जरा वळवता येतो, पण फार धक्के दिले तर टेबल रुसतं, दोन्ही हात लुळे पडतात आणि बॉल डोळ्यांदेखत खाली जातो. सिस्टर टेबल कधी रुसू द्यायच्या नाहीत. "सुनेला दवाखान्यात पाठव, म्हनून सासूला सांगावं लागतं ना, तसंच हाय हे. थोडं ढकललं तर ऐकते. जास्त ढकललं तर दार लावून घेते."

पण त्यांची खरी करामत वेगळीच होती. बॉल नेमका मधून, कोणत्याच हाताला न लागणारा येताना दिसला, की बाकी सगळे जिवाच्या आकांताने बटणं दाबतात. सिस्टर बटणांवरून बोटं उचलायच्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या. "गेला तो गेला. त्याच्यामागं हात मारून येत नाय. पुढच्याला हात ताजे ठेव." एरवी त्या सगळंच मोठ्याने बोलायच्या. हे वाक्य मात्र हळू असायचं. त्या ते कॉम्प्युटरवर शिकल्या नव्हत्या, एवढं मला समजत होतं. मी काही विचारलं नाही. न विचारणं हा माझा हातखंडा होता.

स्कोअर वाढत गेला. प्रत्येक विक्रमानंतर खेळ नाव विचारायचा आणि सिस्टर एका बोटाने एकेक अक्षर शोधत इंग्रजीत 'सिस्टर' लिहायच्या. टायपिंगचा सराव म्हणावा तर तेवढाच. "त्यांना फाइल सेव्ह करता येते का?" सर काळजीने मला विचारायचे. मी मान अशी हलवायचे, की तिचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

परीक्षेचं सेंटर मुरबाडला होतं. सरांनी मला सोबत पाठवलं. स्क्रीनवर प्रश्न, खाली चार उत्तरं, कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. सिस्टरांनी प्रत्येक प्रश्न खोबणीत धरला, डोकं दिसेपर्यंत थांबल्या आणि मगच टोला मारला. बाहेर आल्या त्या विजयी चेहऱ्याने. "एक पन पडू दिला नाय!" खरंच होतं ते. सोडवलेले सगळे बरोबर होते. पण निम्म्याहून जास्त प्रश्नांपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. निकाल तिथेच लागला.

परतीच्या एसटीत कडेवर पोर घेतलेली एक बाई त्यांना ओळखून हसली. सिस्टरांनी एरवी त्या पोराची जीभ आणि नखं तपासली असती. त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या. किन्हवली आल्यावर उतरताना म्हणाल्या, "सोमवारी येनार ती, रजिस्टर तपासायला." प्रमोशनची यादी लागण्याआधी आता एकच परीक्षा उरली होती.

पुढचे कितीतरी दिवस मी घरी आरशासमोर तीन वाक्यं पाठ केली. मुरबाडच्या स्टँडवर, परीक्षेआधीच्या चहाला, मी ती म्हटली.

"सिस्टर, पेपरात बॉल धरायचा नाही. मधून जाणारा जाऊ द्यायचा. हात पुढच्याला ताजे ठेवायचे."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "माजंच औषध मला पाजतेस?"

"हो."

"कडू हाय." त्यांनी उरलेला चहा संपवला. "पन उघडलंस गो तोंड, इंग्लिश मिडियम. लसीचा असर उतरला म्हनायचा."

परीक्षेच्या खोलीला काचेचं दार होतं. मी बाहेरून बघत होते. सिस्टर वाचायच्या, टिचकी मारायच्या, पुढे जायच्या. मधेच कधी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि पुढचा प्रश्न घ्यायच्या. कोणता बॉल गेला ते मला दारातून कळत होतं. त्या काठावर पास झाल्या. पेढे मात्र पहिला नंबर आल्यासारखे वाटले. पुढे सुपरवायझर म्हणून त्यांनी किती नर्सना अक्षर सुधारायला सांगितलं, हे मी ऐकलंय, पण लिहीत नाही.

काही वर्षांनी एका दुपारी त्या क्लासमध्ये आल्या. मी तेव्हा मागे उभी राहत नव्हते, समोर उभं राहून शिकवत होते, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. सिस्टरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात रिटायर होते. एसटीला टाइम हाय. एक डाव लाव."

आमची मशिनं नवी होती. त्यांच्यातलं विंडोजही नवं होतं आणि त्यात पिनबॉल नव्हता. कंपनीने काढूनच टाकला होता. 'सिस्टर' लिहिलेली स्कोअरची यादी जुन्या मशीनबरोबर भंगारात गेली होती. मी त्यांना ते सांगितलं. त्यांची बोटं बटणांवर तयार होती. त्यांनी ती उचलली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी त्याची वाट पाहत होते.

"असा कसा जाईल?" सिस्टर म्हणाल्या. "नीट शोध गो."

तो नाही, हे मला माहीत होतं. त्यांची गाडी लागेपर्यंत मी शोधत राहिले.