शाळेतले वाटाणे आणि माझी सही

“मॅडम, या रिपोर्टवर सही तुमचीच ना?” सरपंचांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला.

सही माझीच होती. रत्नागिरीत पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. गावोगावच्या नळांचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं आणि ते पिण्यालायक आहे की नाही, हे आम्ही लिहून देतो. हे सरपंच गुहागरच्या बाजूचे, खाडीकाठच्या एका गावचे.

“पाणी चांगलं आहे, एवढं शिक्का मारून परत लिहून द्या. शाळेत खिचडी करणारी बाई आहे आमच्याकडे. तिला काढायचीय.”

“तिचा आणि पाण्याचा काय संबंध?”

“तीच म्हणते ना, नळाच्या पाण्यात वाटाणे शिजत नाहीत. पोरं कच्चं खातात, पोटं दुखतात. घरी हिची उसळ बोटानं दाबली तरी मऊ. मग शाळेतच काय होतं? गॅस वाचवते आणि सिलिंडर विकते, दुसरं काय.”

मी रिपोर्ट पुन्हा वाचला आणि हार्डनेसच्या आकड्यावर अडले. हार्डनेस म्हणजे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, घरात आपण जड पाणी म्हणतो. त्यात साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो आणि कडधान्य शिजता शिजत नाही, कारण हे क्षार दाण्याची साल घट्ट धरून ठेवतात. आमच्या जांभ्या कातळातलं पाणी मात्र बहुतेक मऊ असतं. रिपोर्टातला आकडा तसाच होता, अगदी झऱ्याच्या पाण्याचा.

“तुमच्या नळाची विहीर कुठे आहे?”

“खाडीला लागून. नवीन पंप बसवलाय तिथे.”

खाडीला लागून विहीर, त्यात ऐन उन्हाळा आणि दिवसभर उपसणारा पंप. अशा विहिरीत खाडीचं पाणी आत झिरपतं. तिचं पाणी इतकं मऊ निघणं मला पटेना. मशीन चुकलं म्हणावं, तर त्या दिवशीचे बाकीचे नमुने बरोबर होते.

“शिक्का मिळणार नाही,” मी म्हटलं. “मीच येते बघायला.”

सरपंचांचं तोंड वाकडं झालं. बाई बाईची बाजू घेणार, असं काहीतरी ते पुटपुटत गेले. मला राग आला, पण तो मी गावात पोहोचेपर्यंत राखून ठेवला.

खिचडी करणाऱ्या शेवंतीकाकी शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात उभ्या होत्या. साठीच्या आसपासच्या, पदर खोचलेला, चेहरा उतरलेला. माझ्या मागून सरपंच आणि मुख्याध्यापक आत आले, तेव्हा त्या आणखी आक्रसल्या. तरी आधी त्यांनी मला तांब्याभांडं दिलं. उन्हातून आले होते, घटाघट प्यायले. पाणी गार होतं आणि चवीला गोड.

मग मी खिचडीचा रिकामा टोप कलता करून आत पाहिलं. तळाशी पांढरी खरपुडी धरली होती.

“काकी, हे कसं काढता?”

“आमसुलान घासतंय. दोन दिस बरा ऱ्हाता, मग हायच परत.”

आमसुलातल्या आंबटानं हा थर सुटतो. म्हणजे तो क्षारांचाच होता. पण असा थर धरणाऱ्या पाण्याचा रिपोर्ट मऊ कसा?

मी पर्समधून साबणाचा तुकडा काढला. एका बाटलीत नळाचं पाणी घेतलं, दुसरीत तांब्यात उरलेलं. दोन्हीत साबण किसून खळाखळा हलवलं. तांब्याच्या पाण्यावर फेस गळ्यापर्यंत चढला. नळाच्या पाण्यावर नासलेल्या दुधासारखी साय तरंगली.

“काकी, मला दिलंत ते पाणी कुठलं?”

“आमच्या इहिरीचा. वरच्या कातळातला. नळाचा पाणी पावण्याला कोन देताय?”

“आणि लॅबला पाठवली ती बाटली?”

“तीपन आमच्याच इहिरीची,” त्या सरळ म्हणाल्या. “पंचायतीचा शिपाई रिकामी बाटली देऊन गेला, भरून ठेवा म्हनला. रत्नागिरीच्या हापिसात जायचा पाणी. असला खारट कसा पाठवू? गावाची काय शोभा ऱ्हायली असती?”

मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. गावाची शोभा राखायला या बाईनं आपल्या घरचं पाणी पाठवलं होतं, आणि त्याच पाण्याच्या रिपोर्टावर तिला चोर ठरवायला गाव निघालं होतं.

सरपंचांची खात्री पटावी म्हणून काकींच्या विहिरीचं पाणी आणवलं आणि खिचडीसाठी रात्रभर भिजलेले वाटाणे दोन टोपांत शिजायला ठेवले. आच सारखी, वेळ सारखा. काकींच्या विहिरीच्या पाण्यातले वाटाणे फुटून मऊ झाले. नळाच्या पाण्यातला एक सरपंचांनी चिमटीत दाबला, तो टणकन उडून भिंतीवर आपटला.

“उद्यापासून वरच्या विहिरीचं पाणी शाळेत आणायची सोय करतो,” ते म्हणाले. “पंपाचंही बघू.”

“ता कर,” काकी म्हणाल्या. “पन सिलिंडरचा बोललास, ता आधी परत घे. मास्तरांच्या समोर बोललास, त्यांच्यासमोरच घे.”

सरपंचांनी मान खाली घालून शब्द परत घेतला. माझा राखून ठेवलेला राग वापरायची वेळच आली नाही.

काकी अजून शाळेत खिचडी करतात. पंप आता दिवसभर चालत नाही, आणि पावसाळ्यानंतर नळाचं पाणी बरंच सुधारलं. मी मात्र तेव्हापासून नमुना घेऊन येणाऱ्याला बाटलीचं बूच उघडण्याआधी विचारते, “हे पाणी तुम्ही घरी रोज वापरता ते आहे, की आम्हाला द्यायचं म्हणून भरलंय?” निम्मे लोक गोंधळतात. काही जण बाटली घेऊन परत जातात.

त्या गावाचा पुढचा नमुना आला तेव्हा पिशवीत दोन बाटल्या होत्या. शिपाई म्हणाला, काकींनी सांगितलंय, नळाची तपासायला आणि विहिरीची मॅडमना प्यायला.

दुसरी मी तपासली नाही.